मागून ओढलेली आगगाडी

माझ्या हातून ज्या बोटी निवृत्त झाल्या, त्यांतली एकही धडपणे निवृत्त झाली नाही. एक बुडवायची होती, ती बुडेना. एक कायमची विकून टाकली, ती नाव बदलून परत आली आणि आमच्याच पोटावर पाय देऊन बसली. तिसरीला आम्ही आगगाडी म्हणत असू. तिचं जे केलं ते खाडीवरच्या पुलावरून जाणाऱ्या निम्म्या कुवेतने पाहिलं, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

कुवेतच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमचं सगळं आयुष्य समुद्रावर गेलं. काहीतरी थरारक लिहा ना." माझी बायको शैला तेव्हा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "समुद्रावर नाही गं, शुवैख बंदराच्या धक्क्यावर गेलं. काठावर उभं राहून दुसऱ्यांवर ओरडायचं, हे यांचं काम." हे वर्णन अन्यायाचं असलं तरी चुकीचं नाही.

मी मूळचा नाशिकचा. नाशिककराला पाणी म्हणजे गोदावरी, आणि तीही उन्हाळ्यात शोधावी लागते. असा मी मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन कुवेतला आलो आणि एका खासगी कंपनीत टगबोटींच्या इंजिनांपाशी चिकटलो. पुढे कार्डावर 'मरीन सुपरिंटेंडंट' असं छापून आलं. आमच्या नातेवाइकांत बरीच वर्षं असा समज होता की मी नौदलात मोठा अधिकारी आहे. तो समज दूर करण्याची घाई मीही केली नाही. पोहता मला आजही येत नाही.

टगबोट म्हणजे ओढणारी बोट. मीना अल-अहमदीला तेल भरायला येणारी जहाजं एखाद्या कॉलनीएवढी असतात. भर समुद्रात ती हवी तशी धावतात, पण धक्क्याला लागायचं म्हटलं की जिन्यातून कपाट चढवताना होते तशी त्यांची गत होते. चार जणांनी चारी बाजूंनी धरून 'जरा इकडे, जरा तिकडे' करावं लागतं. ते चार जण म्हणजे टग. समुद्रातले हमालच म्हणा. बांधासुद्धा तसाच, ठेंगणा आणि पोटात भलंमोठं इंजिन. पुढून उंच, मागून बुटकी. मागचा डेक जवळजवळ पाण्याला टेकलेला असतो, कारण दोर तिथून सोडायचा असतो. त्या डेकवर एक पोलादी हूक. टगवाल्याचं सगळं आयुष्य त्या हुकाभोवती फिरतं. दोर आला की हुकात, हुकात की ओढ. बाकी जगात काय चाललंय त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

अशी बोट म्हातारी झाली की बहुधा भंगारात जाते. किनाऱ्यावर ओढायची, गॅसकटरने तुकडे करायचे, ट्रक भरायचे, संपलं. पण प्रत्येक बोटीसाठी आधी कुणीतरी दुसरी वाट शोधून बघतो, आणि आमच्या कंपनीत शेवटची काही वर्षं तो कुणीतरी मी होतो. म्हातारपणाची व्यवस्था लावण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मला वाटायचं.

पहिली बोट माशांसाठी द्यायची ठरली. जुन्या बोटी धुऊनपुसून समुद्राच्या तळाशी ठेवतात, मग त्यांत मासे घर करतात. ठरल्या जागी पोहोचेपर्यंत ती वाटेत बुडू नये म्हणून मी आदल्या आठवड्यात माणसं पाठवली आणि बारीकसारीक गळती बंद करून घेतली. ती माणसं माझ्याच हाताखाली तयार झालेली. त्यांनी गळती तर बंद केलीच, पण जिथून पाणी शिरायला हवं होतं त्या वाटाही झाळून टाकल्या. पाहुणे आले, खजूर आणि कहवा फिरला, मी खाकरून इशारा दिला, व्हॉल्व्ह उघडले. बोट कमरेपर्यंत पाण्यात बसली आणि तिथेच थांबली. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा कहवा घेतला. कुणीतरी अदबीने विचारलं, "आता काय होणार?" मी म्हटलं, "बुडणार." ते ऐकून बोट किंचित वरच आली असावी. शेवटी पाहुणे कंटाळून गेले, पाणबुड्याने खाली जाऊन भोक पाडलं, आणि मग कोणी बघत नसताना ती निवांत खाली गेली. आयुष्यभर बोटी तरंगत्या ठेवणाऱ्या माणसाला बोट बुडवायला सांगू नये, एवढाच त्यातून घ्यायचा बोध.

दुसरी मी स्वतः तपासली आणि छातीठोकपणे सांगितलं की हिच्यात आता राम उरलेला नाही. आखातातल्याच दुसऱ्या बंदराचा एक माणूस ती घेऊन गेला. काही वर्षांनी शुवैखला एक हिरवीगार, चकचकीत टग आली आणि आमचं एक चांगलं काम तिने पळवलं. मी मुदीरला, म्हणजे आमच्या साहेबांना, म्हणालो, "अशी बोट आपल्याकडे असायला हवी." मग जवळ गेलो तर तिच्या कुशीला एक ओळखीचा पोचा. माझ्या देखत पडलेला. मी गुपचूप मागे फिरलो आणि मुदीरला काही बोललो नाही. तो मात्र पुढे महिनाभर माझं तेच वाक्य मला ऐकवत होता, म्हणजे त्यालाही कळलं असावं.

आता आगगाडी.

तिचं खरं नाव मबरूका, पण ते फक्त रंगाऱ्याला माहीत. माझ्याहून वयाने मोठी. तिचा जन्म अमेरिकेतल्या एका बंदरातला आणि तिचा पहिला मालक होती एक रेल्वे कंपनी. रेल्वेला बोटी कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. तर तिकडे काही ठिकाणी रूळ पाण्याच्या काठी संपायचे आणि शहर पलीकडच्या तीरावर. मग मालगाडीचे डबे एका लांबलचक सपाट तराफ्यावर चढवायचे, त्या तराफ्यावरही रूळ टाकलेले. तो तराफा टगने कडेला बांधून पलीकडे न्यायचा, की डबे पुन्हा रुळांवर. आता मालगाडीचे डबे उंच, मग टगच्या कप्तानाला त्यांच्या पलीकडचं दिसणार कसं? म्हणून या रेल्वेच्या टगांची केबिन चांगली उंच बांधत, शेतातल्या मचाणासारखी. पुढे पूल झाले, बोगदे झाले, ट्रक आले, आणि या बोटींना काम उरलं नाही. बऱ्याचशा कापल्या गेल्या. आमची हात बदलत बदलत आखातात येऊन पडली. ज्या देशात रेल्वेचा एकही रूळ नाही तिथे रेल्वेची बोट, आणि तिच्यावर कोकणातली माणसं. त्यांनी तिला पहिल्याच वर्षी आगगाडी करून टाकलं.

माझे सासरे मनमाडला रेल्वेत होते. लेकीसाठी त्यांना रेल्वेतलाच जावई हवा होता आणि माझ्याशी लग्न ही त्यांनी केलेली तडजोड होती. आगगाडीपुढे उभा राहून काढलेला फोटो आणि तिचा सगळा इतिहास मी त्यांना कळवला. त्यांनी फोनवर सांगितलं, "उशिरा का होईना, लागलात एकदाचे रेल्वेत."

आगगाडीवर दाऊदभाई. कोकणात ज्याला नाखवा म्हणतात तो आखातात नाखुदा होतो, म्हणजे बोटीचा कप्तान. दाऊदभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि बोलण्यात कधीही घाई नाही. आम्ही दोघं तिच्यावर एकाच सुमारास आलो. भांडणही आमचं तेवढंच जुनं. मी म्हणणार इंजिन जपा, ते म्हणणार इंजिनाला आधी सांगा मला जपायला. त्यांची बायको काही वर्षांपूर्वी गेली. मुलं मुंब्र्याला. ते राहायचेही बोटीवरच, त्या उंच केबिनच्या खालच्या खोलीत. रेल्वेच्या काळातली एक पितळी घंटा केबिनच्या दाराशी होती. ती ते दर शुक्रवारी चिंचेने घासत.

आगगाडी मोडीत काढायची ठरली आणि धक्क्यावरची तिची जागा रिकामी करा, असा मुदीरचा हुकूम आला तेव्हा मी आधी माझ्या स्वभावाप्रमाणे मोठाले बेत केले. जगभरच्या रेल्वे संग्रहालयांना पत्रं धाडली. एका संग्रहालयाने कळवलं की अशी एक बोट त्यांच्याकडे आधीच आहे आणि तीच त्यांना डोईजड झाली आहे. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ बोट." शैला म्हणाली, "घरातला जळका मिक्सर यांच्याच्याने टाकवत नाही, बोट काय टाकणार!"

एका सकाळी केबिनमध्ये दाऊदभाईंनी माझ्यापुढे सुलेमानीचा, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा, पेला ठेवला. मी समजूत घालायच्या सुरात म्हणालो, "खूप झालं आता, दाऊदभाई. बोटीबरोबर तुम्हीही सुटा. गावी जा, आराम करा."

"गावी गेलो की सगळे एकच विचारतात, साहेब. परत कदी जानार? सुट्टीच्या पयल्या दिवसापासून. मना लय राग यायचा. अरे, आत्ता तर आलो!"

"मग आता नाही विचारणार कोणी."

"तेच तर. कोन विचारनारच नाय. घर हाय, घरात कोन नाय, नि दारात उभा राहून कोन विचारत नाय. मग तिथं मी काय करनार?"

मी चहा संपवला. मलाही त्याच वर्षी निवृत्त व्हायचं होतं आणि नाशिकला गेलो की मलाही सगळे तेच विचारत.

आणि मग अबू फहद आला. सत्तरीला टेकलेला कुवेती गृहस्थ, व्यापारातला, जुन्या पिढीतल्या अनेकांसारखं हिंदी बोलणारा. खाडीच्या उत्तरेला, सुबियाच्या बाजूला किनाऱ्यावर त्याचं शाले होतं, म्हणजे सुट्टीचं घर. त्याला तिथे पाण्यात एक बोट बांधून ठेवायची होती, संध्याकाळी मित्रांनी येऊन बसावं म्हणून. आगगाडीचा जिना चढून तो केबिनमध्ये गेला, कप्तानाच्या खुर्चीत बसला, घंटा वाजवली आणि लहान मुलासारखा हसला. मग दाऊदभाईंकडे बोट करून मला म्हणाला, "ये बाबा भी साथ में आएगा? बोट देखने को आदमी तो मंगता."

दाऊदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आएगा, आएगा." मुलीचं लग्न जमवताना बाप जसा बोलतो तसं झालं माझं.

अट एकच होती. बोट त्याच्या दारात तरंगत यायला हवी. इंजिन तर कधीच बंद पडलेलं, म्हणजे ओढून न्यायची. पोहोचली तर दाऊदभाई तिच्याबरोबर राहणार. नाही पोहोचली तर ती भंगारवाल्याची आणि दाऊदभाईंचं विमानाचं तिकीट. अबू फहदची माणसं पलीकडे खुंट ठोकून तयार होती. मी दाऊदभाईंना सांगितलं, "बिनघोर राहा. ओढण्यात तर आपलं आयुष्य गेलं."

ते वाक्य मी बोलायला नको होतं.

ओढून न्यायचं काम कॅप्टन वर्गीस यांच्या टगला दिलं. वर्गीस केरळचे, अत्यंत शिस्तीचे. सकाळी मी, वर्गीस आणि दाऊदभाई असे तिघं आगगाडीच्या मागच्या डेकवर उभे राहिलो. आखातातला ओढण्याचा एवढा अनुभव एका डेकवर क्वचितच जमला असेल. आता नीट ऐका. बंद बोट ओढायची ती नेहमी तोंडाकडून. पुढची बाजू उंच असते, पाणी कापायलाच घडवलेली असते. मागची बाजू बुटकी. तिकडून ओढली तर पाणी डेकवर चढतं. हे मी स्वतः नव्या माणसांना फळ्यावर चित्र काढून शिकवत आलो. पण खलाशाने दोर वर फेकला, तो दाऊदभाईंनी झेलला, आणि आमच्या तिघांचेही पाय आपसूक मागच्या हुकाकडे वळले.

वर्गीस म्हणाले, "हुक मजबूत है ना, सर?"

मी म्हणालो, "एकदम."

दाऊदभाईंनी प्रेमाने हुकावर थाप मारली. "हिनं कदी धोका नाय दिला."

दोर हुकात पडला. सवयच ती. दुसऱ्याला ओढताना दोर तिथेच पडतो. आज आपल्यालाच ओढायचं आहे, ही गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरली नाही. पुढचा खुंट गंजलेला होता म्हणून मागून बांधलं, हे कारण आम्हाला नंतर, चौकशीच्या वेळी आठवलं.

दाऊदभाई लक्ष ठेवायला केबिनमध्ये चढले. मी वर्गीसच्या टगवर. आम्ही निघालो तेव्हा आगगाडीची पाठ माझ्याकडे होती आणि मला जरा चमत्कारिक वाटलं, पण पाणी इतकं शांत होतं की मी खिशातून सांडगी मिरची काढून खात बसलो. बाजूला खाडीवरचा लांब पूल. पुलावरच्या गाड्या हळू होऊन आमच्याकडे बघत होत्या. त्यांना मी हात केला. कौतुक करतायत असं मला वाटलं होतं.

मध्यावर आल्यावर भरती-ओहोटीची ओढ बदलली. वेळेत पोहोचावं म्हणून वर्गीसने वेग थोडा वाढवला. वॉकीटॉकी खरखरला.

"साहेब, मागून पानी येतंय."

"किती?"

"तुमच्या बुटाएवढं." थोड्या वेळाने, "आता तुमच्या पायमोज्याएवढं."

मागच्या डेकवर सुकाणूच्या यंत्रावर एक झाकण असतं. त्याची रबरी पट्टी कुजलेली होती. तोंडाकडून ओढली असती तर तिथवर पाणी पोहोचलंच नसतं, म्हणून मी त्यावर फक्त प्लास्टिक बांधून ठेवलं होतं. इतक्या हुशारीने मी एका पद्धतीची तयारी केली आणि दुसरी पद्धत वापरली. मी ओरडलो, "वर्गीस, स्टॉप!" तोवर वॉकीटॉकीवर दाऊदभाई म्हणत होते, "आता मोजायला तुमचं काय उरलं नाय, साहेब."

आगगाडीने मागची बाजू टेकवली, मग सगळी हळूच खाली बसली. आवाज नाही, लाट नाही. तिथे खाडी उथळ आणि खाली मऊ चिखल. डिझेल आम्ही आधीच काढून घेतलं होतं, ही या कथेतली माझी एकमेव शाबासकीची गोष्ट. आणि पाण्याच्या वर, स्वच्छ उन्हात, कोरडी ठणठणीत, उभी राहिली ती केबिन. मालगाडीच्या डब्यांवरून बघता यावं म्हणून कुणीतरी उंच बांधलेली. तिच्या दारात दाऊदभाई उभे राहून घंटा वाजवत होते.

मी छोट्या होडीतून तिथे गेलो. पोहता न येणाऱ्या माणसाच्या मानाने फार वेगाने गेलो. "उतरा, दाऊदभाई, उतरा आधी!"

"उतरू कुठं? बसली ना ती. आता कुठं जानार?" त्यांनी थर्मासातून स्वतःला चहा ओतून घेतला. मग न पिताच पेला त्यांनी खाली ठेवला. "खलास ना, साहेब?"

मी होडीची कडा धरून बसून राहिलो. खलास म्हणजे संपलं, हे कुवेतमध्ये आल्यावर माणूस पहिल्या दिवशी शिकतो. त्या क्षणी मला माझी लाज वाटली आणि फार वाईट वाटलं. त्या माणसाला मी बिनघोर राहा म्हणालो होतो.

संध्याकाळी घरी पोहोचायच्या आत आमची चित्रफीत सगळ्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरली. शैलाने दार उघडताच विचारलं, "तुमची आगगाडी रिव्हर्समध्ये का चालली होती?" जिला स्वयंपाकघराच्या खिडकीतूनसुद्धा समुद्र दिसत नाही, तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मुदीरने मला समोर बसवलं आणि शांतपणे म्हणाला, "जी बुडवायची होती ती तू बुडवली नाहीस. जी पोहोचवायची होती ती बुडवलीस. तू निवृत्त होतोयस, ही चांगली गोष्ट आहे."

मग चौकश्या, परवानग्या, तरंगती क्रेन. आगगाडी उचलायची ती हलकी करून, म्हणून आधी पाण्याबाहेरची केबिन कापून घ्यायची ठरलं. कापायच्या दिवशी अबू फहद आपल्या लाँचमधून बघायला आला. रागावलेला असेल म्हणून मी क्रेनच्या आड उभा राहिलो. तो मात्र केबिनकडे टक लावून बघत होता. दोर लागले, केबिन हवेत उचलली गेली, आणि दाराशी बांधलेली घंटा आपोआप वाजली.

"ये कितने में जाएगा?" त्याने विचारलं.

मी आडोशातून बाहेर आलो. माझ्या आयुष्यातली सगळी विक्रीकला मी तिथे पणाला लावली. म्हटलं, केबिन वाळूवर ठेवता येते, बुडण्याचा प्रश्नच नाही. आतून समुद्र दिसतो. नातवंडं खेळतील. "लेकिन इसको देखना पड़ता है. रंग, घंटा, लकड़ी. इसका काम जानने वाला आदमी चाहिए, नहीं तो एक साल में खराब."

अबू फहद माझ्याकडे बघून मिशीत हसला. "मालूम है तुम किसका बात करता है. बोट नहीं मंगता, बोट में झंझट. ये अच्छा है. और बाबा भी."

कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या मंदूबने दाऊदभाईंचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अबू फहदच्या घराकडे वळवून दिला. घरकामाच्या परवान्यात नाखुदा असा हुद्दा नसतो. त्यामुळे जन्मभर समुद्रावर काढलेले दाऊदभाई आता सरकारदरबारी माळी आहेत. बागेत एक कडुनिंब आहे. त्याला ते दोन्ही वेळा पाणी घालतात आणि मनापासून घालतात.

बाकीची आगगाडी कापली गेली. मी रोज तिथे जाऊन उभा राहत होतो, कोणी बोलावलं नव्हतं तरी. तो हूक सगळ्यात शेवटी कापला आणि कटर चालवणाऱ्याने सांगितलं की याच्यावर दोनदा गॅस भरावा लागला. मला त्याचा अभिमान वाटला. त्याच हुकाने आमचं वाटोळं केलं, तरी वाटला. जपून ठेवायला हवी होती ती बोट, पूर्ण, पाण्यात. ते मला जमलं नाही.

गेल्या महिन्यात आम्ही कायमचं नाशिकला निघायच्या आधी शैला आणि मी दाऊदभाईंना भेटायला गेलो. पुलावरून गाडी जाताना शैलाने ती जागा बघितली आणि भल्या मनाने काही बोलली नाही. शालेच्या मागे वाळूच्या उंचवट्यावर केबिन उभी होती, पांढरी आणि निळी रंगवलेली. अबू फहदची नातवंडं आत खुर्चीवरून भांडत होती. दाऊदभाई त्यांना मोडक्या अरबीत सांगत होते की इथून मालगाडीच्या पलीकडचं दिसतं. पोरांनी विचारलं, मालगाडी कुठाय? दाऊदभाईंनी दूर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांकडे बोट केलं आणि पोरांचं समाधान झालं.

जेवणात सुरमई होती, त्यांनी स्वतः तळलेली. जेवताना ते म्हणाले, "आगगाडीचं डोकं वर राह्यलं म्हनून कुनाच्या कामास आलं. साहेब, तुमी आता निघालात. तुमचं काय वर राह्यलंय ते बघून ठेवा."

मी काही गंभीर उत्तर जुळवत होतो. शैला म्हणाली, "यांचं तोंड."

दाऊदभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. तोंड तेवढं वर राहिलंय, म्हणून हा लेख.

निरोप घ्यायची वेळ आली. गळाभेट झाली, "येतो" म्हणून झालं. मी गाडी वळवायला पुढे घेतली आणि पुढची चाकं वाळूत रुतली. जोर दिला तशी आणखी रुतली. इतकी वर्षं त्या देशात काढून, निघायच्या आठवड्यात, अबू फहदच्या अंगणात. घरचा ड्रायव्हर मोठी जीप घेऊन मागे आला. दाऊदभाई शालेच्या मागून दोर घेऊन आले आणि माझ्या खिडकीशी वाकले. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता.

"कुठून बांधू, साहेब? पुढून की मागून?"

मी म्हटलं, "या वेळी मागूनच बांधा, दाऊदभाई."

त्यांनी दोर बांधला, दोनदा ओढून बघितला आणि ड्रायव्हरला हात केला. गाडी हळूहळू मागे निघाली. मागे जात होतो म्हणून तोंड केबिनकडेच राहिलं. दाऊदभाई जिना चढून घंटेपाशी जाऊन उभे राहिलेले दिसले. ते लहान होत गेले तरी दिसत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून मला ओरडून विचारलं, "परत कदी येनार?"

शैलाने माझ्याकडे पाहिलं. मग तिनेच खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.